गाडी मंगळवेढ्याची, इंजिन आप्पांचं

2022 च्या दिवाळीआधीच्या आठवड्यात पंक्चर काढायला म्हणून मी आमच्या ओम्नीला जॅक लावला. चार फेरे फिरवले, पण गाडी वर येईना. जॅकच पत्र्यात वर घुसला. सरकत्या दाराखालची पट्टी चुरचुर करत आत गेली आणि लाल भुकटी माझ्या मनगटावर सांडली. आप्पा पडवीत बसून बघत होते. ते काही बोलले नाहीत, उठून आत गेले.

आमचं गाव रत्नागिरी-पावस पट्ट्यात. समुद्र घरापासून दीड किलोमीटर. ही ओम्नी आप्पांनी डिसेंबर 2007 मध्ये कोरी घेतली होती. पंधरा वर्षं तिने आंब्याच्या पेट्या वाहिल्या, फणस वाहिले, दोन बाळंतिणी घरी आणल्या. इंजिन 2019 मध्ये पूर्ण खोललं होतं आणि गिअरबॉक्सही त्याच वेळी केला होता, म्हणजे यंत्र ठणठणीत होतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि वाऱ्यातलं मीठ, यांनी पत्रा मात्र खाल्ला होता.

याआधी दोनदा टिंकरिंग, म्हणजे पत्र्याची ठोकाठोकी-वेल्डिंग, झालं होतं. 2015 मध्ये गंज नीट न खरवडता त्यावर जाड डांबरी कोट मारला गेला. तेव्हा आम्हाला वाटलं, बरं झालं, आता काळजी नको. प्रत्यक्षात त्या कोटाखाली खारट ओल अडकून राहिली आणि पत्रा आतून सडत गेला. बाहेरून काळं गुळगुळीत, आतून जाळी. हे मला गाडी सुटी केल्यावर कळलं. तुमच्या गाडीला असा कोट असेल तर त्यावर एकदा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. घट्ट ठणका आला तर ठीक. भद्द आवाज आला तर आत पोकळ आहे.

आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी गाडी वर घेऊन सगळं दाखवलं. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या गेलेल्या, ड्रायव्हरच्या पायाखाली हाताएवढं भोक, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मागचे पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) जिथे बॉडीला धरलेले असतात तिथला पत्रा पापुद्र्यासारखा सुटलेला. "ताई, पाटा एक दिवस वर डिकीत येईल," ते म्हणाले. टिंकरिंगचा अंदाज 38 हजार, आणि टिकेल दोन पावसाळे. त्यातच डिसेंबरमध्ये नोंदणीची पंधरा वर्षं संपत होती. नूतनीकरणाच्या तपासणीला गाडी या अवस्थेत उभी करण्यात अर्थ नव्हता.

भंगारात घालून दुसरी घ्यावी, हा सरळ मार्ग होता. पण ओम्नीचं उत्पादन 2019 मध्ये थांबलं. चांगल्या जुन्या ओम्नीला लोक अडीच-अडीच लाख सांगत होते, आणि आमच्या गल्लीतून, बागेच्या उतारावरून, पेट्या भरून जाईल अशी तेवढ्या रुंदीची दुसरी गाडी मला माहीत नाही. शिवाय 796 सीसीचं ते तीन सिलेंडरचं इंजिन अजून एका हाकेला सुरू होत होतं. ते भंगारात टाकायला माझा हात होईना.

मग मिस्त्रींनीच सुचवलं. देशावर कोरड्या हवेत एखादी बंद पडलेली ओम्नी मिळेल, तिची बॉडी घ्यायची आणि आपलं सामान तिच्यात बसवायचं. पुढे ते सहज म्हणाले, "नंबराचा तुकडा कापून त्या बॉडीला झाळून देऊ. आपला नंबर आपलाच राहील."

इथे जरा थांबते, कारण या वाटेने जाणाऱ्या बहुतेकांना हा सल्ला मिळतो. ओम्नीला ट्रकसारखी वेगळी चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, नसते. पत्र्याचं खोकंच चेसिसचं काम करतं आणि चेसिस नंबर त्याच पत्र्यावर ठोकलेला असतो. तो तुकडा कापून दुसऱ्या बॉडीला जोडणं हा गुन्हा आहे. चोरीच्या गाड्या याच पद्धतीने खपवल्या जातात. तुमचा हेतू कितीही स्वच्छ असला तरी वेल्डिंगचा सांधा दिसला की गाडी जप्त होऊ शकते, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. मी मिस्त्रींना स्पष्ट नाही म्हटलं. ते रागावले नाहीत. त्यांनी आयुष्यभर तसंच होताना पाहिलं होतं, एवढंच.

याचा अर्थ मात्र असा होता की बॉडी ज्या गाडीची, नोंदणी त्याच गाडीची. आमचा एमएच 08 चा नंबर जाणार. आप्पांना हे सांगायला मी आठ दिवस लावले. ते म्हणाले, "अगो, नंबर गेला म्हणजे गाडीच गेली की." मी म्हटलं, "आप्पा, इंजिन तुमचंच राहील." त्यावर ते बराच वेळ अंगणाकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "आसनंपण माझीच घाल."

नोव्हेंबर-डिसेंबर शोधण्यात गेले. मी आधी दोन अटी ठरवल्या होत्या. पहिली अट, मूळ आरसी हवी आणि विकणारा मालक स्वतः सही करायला हजर हवा. नुसती बॉडी, कागद नाहीत, अशा चार ठिकाणांहून आम्ही परत फिरलो. किंमत 12-15 हजार ऐकून मोह होतो, पण ती बॉडी पुढे कुठल्याच नंबरावर रस्त्यावर येऊ शकत नाही. दुसरी अट, गाडी 2010 च्या आधीची हवी. 2010 मध्ये देशभर बीएस-3 हे धुराचं मानक लागू झालं. आमचं इंजिन त्याआधीचं. नव्या मानकाच्या गाडीत जुन्या मानकाचं इंजिन बसवायला परवानगी मिळणार नाही, हे मी आरटीओच्या चौकशी खिडकीवर आधीच विचारून घेतलं होतं. ती दहा मिनिटांची चौकशी या सगळ्या कामातली सगळ्यात स्वस्त गोष्ट ठरली, कारण त्याच आठवड्यात मला 2012 ची एक सुंदर बॉडी दाखवायला आणली होती.

जानेवारी 2023 मध्ये मंगळवेढ्याजवळची गाडी मिळाली. एमएच 13, ऑगस्ट 2008 ची, पांढरी. मालक ज्वारी-करडईवाले शेतकरी. रेडिएटरमध्ये पाणी नसताना चालवली म्हणून इंजिन जाम झालं होतं आणि गाडी दोन वर्षं कडब्याच्या शेडमध्ये उभी होती. "पत्रा बघा की ताई, नख लावून बघा," काका म्हणाले. मी लोहचुंबक घेऊन गेले होते. लांबी (पुट्टी) भरलेल्या जागी चुंबक धरत नाही. पट्ट्या, चाकांच्या कमानी, काचेखालची कडा, छताची पन्हळ, सगळीकडे तो खटकन चिकटला. चटया उचलल्या तर खाली कंपनीचा रंग होता, त्यावर काळ्या मातीची बारीक धूळ. पाट्यांच्या जागा तर जणू काल रंगवल्यासारख्या. सोलापूरकडे वर्षाला जेमतेम साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, ते त्या पत्र्यावर वाचता येत होतं. मी गाडीखाली पाठीवर झोपून हे सगळं बघत होते आणि मला अक्षरशः भरून आलं.

38 हजारांत सौदा ठरला. पैसे देण्याआधी तीन गोष्टी तपासल्या. परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून आरसी चालू आहे का आणि चलन बाकी आहे का, हे पाहिलं. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंदणी ब्युरोच्या) संकेतस्थळावर गाडी चोरीची म्हणून नोंदलेली नाही याचा दाखला काढला. आणि चेसिस नंबरावर कागदाची पट्टी धरून पेन्सिल घासून प्रिंट घेतला, तो आरसीशी अक्षर-अक्षर ताडला. प्रिंटच्या पाच-सहा प्रती तिथेच काढून ठेवा. पुढे प्रत्येक अर्जाला एक लागते.

तरी एक गोष्ट माझ्याकडून निसटली. ॲपवर कर्जाचा बोजा दिसत होता. काका म्हणाले, कर्ज 2012 मध्येच फेडलं. खरंच फेडलं होतं, पण बोजा उतरवायचा फॉर्म 35 कोणी भरला नव्हता. कर्ज देणाऱ्या कंपनीची पंढरपूरची शाखा बंद झाली होती. कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसला सात ई-मेल आणि असंख्य फोन केल्यावर 34 दिवसांनी ना हरकत पत्र आलं. काका त्या पत्रासाठी स्वतः एकदा पुण्याला जाऊन आले. त्यांनी गाडी विकली होती, पैसे घेतले होते. त्यांना काही पडलेलं नसतं तरी चाललं असतं. तुम्ही बोजा उतरलेला असल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मी दिले होते. माणूस भला निघाला म्हणून निभावलं.

गाडी 22 जानेवारीला टेम्पोवर चढवून आणली. रत्नागिरीहून देशावर माल घेऊन गेलेला टेम्पो रिकामा परतत होता म्हणून चढवण्या-उतरवण्यासकट 12 हजारांत झालं, नाहीतर जाऊन-येऊन भाडं पडलं असतं. सांगोला, मिरज, कोल्हापूर करत सुमारे तीनशे किलोमीटर. आंबा घाटात वळणावळणावर मी मागे वळून दोर बघत होते. पहाटे चारला साखरप्यात चहा प्यायला थांबलो तर हवेतला दमटपणा अंगाला लागला आणि मनात आलं, आजपासून हिच्या पत्र्याचे दिवस मोजायला सुरुवात झाली.

फेब्रुवारी कागदांत गेला. क्रम मी इथे नीट सांगते, कारण तो चुकला तर सगळं परत करावं लागतं.

एकच इंजिन नंबर दोन आरसींवर असू शकत नाही. म्हणून आधी जुन्या गाडीची नोंदणी रद्द करायची, मग नव्या बॉडीच्या आरसीवर इंजिन बदलायची परवानगी मागायची, आणि त्याच्याही आधी नवी बॉडी स्वतःच्या नावावर हवी. नावावर करायला फॉर्म 29 आणि 30, सोलापूरहून ना हरकत, चालू विमा, दोघांचे आधार आणि पॅन. गाडी बंद असली तरी विमा लागतो. मी फक्त थर्ड पार्टी काढला. एकाच राज्यातली गाडी असल्यामुळे नंबर एमएच 13 चाच राहिला. फी तेव्हा 300 रुपये आणि स्मार्ट कार्डाचे 200 लागले. बोजाचं पत्र आल्यावर 9 मार्चला गाडी माझ्या नावावर झाली.

जुनीची नोंदणी रद्द करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 खाली येतं. आप्पांची सही, मूळ आरसी, चलन बाकी नसल्याची खात्री, शंभराच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र. प्रतिज्ञापत्रात मी एक वाक्य मुद्दाम घातलं होतं: "सदर वाहनाचे इंजिन सुस्थितीत असून ते काढून घेऊन खालील वाहनात बसविण्याचा मानस आहे." पुढे दोन्ही नंबर. खिडकीवरच्या मॅडमनी ते वाचलं, वर बघितलं आणि म्हणाल्या, "हे आधी लिहून आणलंत ते बरं केलंत." त्यांनी मला एका कागदावर पुढच्या पायऱ्या लिहून दिल्या. तो कागद अजून माझ्या फायलीत आहे. चेसिस नंबराचा तुकडा कापून अधिकाऱ्यांसमोर जमा करायचा होता, नंबरप्लेटांसकट.

तो दिवस 27 मार्च. ग्राइंडर लावायच्या आधी आप्पा वर्कशॉपवर आले. त्यांनी प्लेटचे स्क्रू स्वतः काढले. एक स्क्रू फिरेना तर तेल घालून, थांबून, पुन्हा प्रयत्न करून काढला. घाई कोणीच केली नाही. प्लेट त्यांनी रुमालाने पुसली आणि माझ्या हातात दिली. ग्राइंडरचा आवाज सुरू झाला तेव्हा ते रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले.

इंजिन बदलाची परवानगी कलम 52 खाली. इंजिन त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं असावं लागतं. रद्द नोंदणीचं पत्र आणि इंजिन नंबरचा प्रिंट जोडून अर्ज दिला, 18 एप्रिलला परवानगी हातात आली. इंजिन नंबर दिसत नाही ही सगळ्यांची तक्रार असते. वर्षानुवर्षांचं तेल आणि धूळ त्यावर बसलेली असते. डिझेलमध्ये ब्रश बुडवून घासा. सॅंडपेपर लावू नका, कारण अंक घासल्यासारखे दिसले तर शंका येते.

आता वर्कशॉपकडे येते, जिथे मला या कामातला खरा आनंद मिळाला.

दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या केल्या. मिस्त्री, त्यांचा पोरगा आणि मी. मला पाने धरता येत होते, पण ओम्नीचं पोट मी कधी पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी मिस्त्रींनी एकच नियम सांगितला: काढलेला बोल्ट त्याच्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवायचा, डब्यात टाकायचा नाही. जे तसं ठेवता येत नव्हतं ते मी छोट्या पिशव्यांत घालून पांढऱ्या पट्टीवर नाव लिहिलं: "स्टिअरिंग खाली, डावा", "हँडब्रेक, मागचा". एकूण 61 पिशव्या झाल्या. शिवाय प्रत्येक गोष्ट काढायच्या आधी फोटो. वायरी, पाईप, दोऱ्या कशावरून कशाखालून जातात हे डोक्यात राहत नाही.

बॅटरी, मग पेट्रोल काढून घेणं, मग आसनं. ओम्नीचं इंजिन पुढच्या आसनांखाली असतं आणि ते खालून उतरवावं लागतं. गाडीच चेन ब्लॉकने वर उचलली. फाउंडेशनचे बोल्ट सुटल्यावर इंजिन आणि गिअरबॉक्स ट्रॉलीवर बसलेले राहिले आणि वरचं खोकं हलकेच वर गेलं. गंजलेले बोल्ट आम्ही तीन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ तेल मारून भिजत ठेवले होते. तरी अकरा तुटले. मंगळवेढ्याच्या गाडीचा एकही तुटला नाही. रिंग पाना लावला की हाताच्या जोराने सुटायचा. मिस्त्रींचा पोरगा म्हणाला, "ताई, मी जन्मात असे बोल्ट काढले नाहीत." कोकणातल्या गॅरेजमध्ये वाढलेला मुलगा तो.

आमच्या गाडीतून काय काय गेलं? इंजिन, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट, रेडिएटर, पेट्रोलची टाकी. टाकी आमचीच घेतली, कारण त्या गाडीच्या टाकीत दोन वर्षं पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर झाला होता. मागच्या ॲक्सलचं हाऊसिंग आणि पाटे मात्र तिचेच ठेवले, आमचे पाटे गंजून पातळ झाले होते. ब्रेकच्या बाबतीत मी काहीच जुनं ठेवलं नाही. लोखंडी ब्रेक पाईप, रबरी होज, व्हील सिलेंडर, लायनर, सगळं नवीन. मिस्त्री म्हणाले, "हे पाईप चालतील अजून." मी म्हटलं, असू दे. उघडं पडलेलं असताना आठशे रुपयांचा पाईप बदलणं सोपं. सगळं बसवल्यावर त्यासाठी पुन्हा दोन दिवस जातात.

सगळ्यात जास्त वेळ वायरिंगने खाल्ला. शेडमधल्या उंदरांनी त्या गाडीची वायर जागोजागी कुरतडली होती. आम्ही आमच्या गाडीची आख्खी वायर काढून तिच्यात ओवायची ठरवलं. वायरमन अंदाजाने दोन दिवस म्हणाला, लागले सहा. डॅशबोर्ड बाहेर, छताचं कापड अर्धं बाहेर. दिवे लागले, वायपर फिरला, हॉर्न वाजला, पण इंजिन सुरू होईना. इंधनाचा पंप आवाजच करत नव्हता. दीड दिवस शोधून कळलं की इंजिनाला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी रंगावरच आवळली होती. नव्या बॉडीचा रंग शाबूत, त्यामुळे वीज जाणार कुठून? तिथला रुपयाएवढा रंग खरवडून पट्टी परत आवळली. चावी फिरवली आणि पंपाचा बारीक सूं आवाज आला. आम्ही तिघंही काही क्षण नुसते ऐकत राहिलो. बॉडी बदलणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावं: अर्थिंगच्या सगळ्या जागा आधी पत्र्यापर्यंत खरवडायच्या आणि आवळल्यावर वरून ग्रीस लावायचं.

इंजिन सुरू झालं ते 29 मे रोजी. तोपर्यंत आंब्याचा हंगाम माझ्या हातून गाडीशिवायच गेला होता. 17 फेऱ्यांना भाड्याचा टेम्पो केला, फेरीला 1,800. हा खर्च मी आधी धरलाच नव्हता. तुमचं पोट ज्या गाडीवर आहे ती खोलायची असेल तर हंगाम संपल्यावर खोला. मला नोंदणी संपल्याची घाई होती, पण कागदांचे अर्ज हंगामात आणि पान्यांचं काम पावसाळ्यात, असंही करता आलं असतं.

पत्रा वाचवायचं काम इंजिन बसवायच्या आधी, बॉडी रिकामी असताना केलं. काळी माती आधी पाण्याने आणि ब्रशने पूर्ण काढली. दोन दिवस उन्हात वाळवली. पट्ट्या आणि दारांच्या तळाशी पाण्याच्या निचऱ्याची भोकं असतात. ती मातीने बुजली होती, तारेने मोकळी केली. किरकोळ ओरखड्यांवर एपॉक्सी प्रायमर, मग रंग. पोकळ पट्ट्यांच्या आत नळी घालून मेणाचा फवारा मारला, भोकांतून तो ठिबकेपर्यंत. खालून रबरी कोट, पण एकसंध पातळ, आणि निचऱ्याची भोकं टेपने झाकून. नंतर टेप काढायला विसरायचं नाही. यावर 14 हजार गेले. मिस्त्रींना हा खर्च जास्त वाटला. मला नाही वाटला. या बॉडीसाठीच तर तीनशे किलोमीटर गेलो होतो.

14 जूनला तपासणी. 2023 ला पाऊस लांबला होता. आमच्याकडे दोन-तीन सरी येऊन तो थबकला होता, आणि मैदानात भयंकर उकाडा. निरीक्षकांनी चेसिस नंबरावर बोट फिरवून कडा तपासल्या, स्वतः प्रिंट घेतला, इंजिनचा नंबर टॉर्चने वाचला. त्यांनी विचारलं, "इंजिन कुठलं?" मी फाईल पुढे केली. सगळी पत्रं तारखेच्या क्रमाने लावलेली होती, बिलांसकट. त्यांनी ती शेवटपर्यंत चाळली. हँडब्रेक कमी धरतो आणि डावा दिवा वर बघतो म्हणून त्या दिवशी नापास केलं. ते योग्यच होतं. दोन दिवसांनी दुरुस्त करून नेली, पास झाली.

मग माझी चूक. ऑनलाइन अर्ज भरताना मी इंजिन नंबरात दोन अंकांची अदलाबदल केली होती. ती कार्ड छापून आल्यावर दिसली. दुरुस्तीचा अर्ज, पुन्हा प्रतिज्ञापत्र, पुन्हा तीन आठवडे. नंबर भरताना दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला सांगा आणि उलट्या क्रमानेही एकदा ताडून घ्या. दुरुस्त आरसी आल्यावर तीच विमा कंपनीला पाठवून विम्यावरचा इंजिन नंबरही बदलून घेतला. हे पुष्कळ जण विसरतात.

ऑगस्टमध्ये या गाडीचीही पंधरा वर्षं पूर्ण होत होती, म्हणजे नूतनीकरण आलंच: फॉर्म 25, फी 5 हजार, पर्यावरण कर 3 हजार, आणि आणखी एक तपासणी. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या 60 दिवस आधीपासून करता येतो. माझी इंजिनची तपासणी आठवडाभर उशिरा ठेवली असती तर दोन्ही अर्ज एकाच फेरीत उरकायचा प्रयत्न तरी करता आला असता. 11 ऑगस्टला पुढच्या पाच वर्षांची मुदत मिळाली.

हिशोब सांगते. बॉडी 38 हजार, टेम्पो 12 हजार, ब्रेक, बुश, होज, रोलर आणि रबरं मिळून 21,400, पत्र्याचं काम 14 हजार, मिस्त्रींची मजुरी 30 हजार, वायरमन 6,500, नोटरी-फी-प्रवास साधारण 9 हजार, नूतनीकरण 8 हजार. जुनी बॉडी भंगारात 290 किलो भरली, 27 रुपयांच्या भावाने 7,830 परत आले. निव्वळ एक लाख 31 हजार, आणि हंगामातल्या टेम्पोचे 30,600 वेगळे. विकायला काढली तर एवढे येणार नाहीत.

जून संपता संपता पाऊस लागून राहिला. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री मी टॉर्च घेऊन गाडीत गेले आणि चटया उचलून बघितल्या. तळ कोरडा. सरकत्या दाराच्या रुळापाशी थोडं पाणी होतं, ते भोकातून खाली ठिबकत होतं. परत आले तर आप्पा जागे होते. "गळते?" त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर कूस बदलून झोपले.

त्यांची आसनं आत आहेत, त्यांचं स्टिअरिंग आहे, आरशाला लटकवलेला लाकडी गणपती आहे. पण नवा नंबर त्यांच्या तोंडात अजून बसलेला नाही. सकाळी पेट्या भरून झाल्या की पडवीतून हाक येते, "अगो, मंगळवेढेकरांना बाहेर काढ."